आडनाव शोधणाऱ्यास

तुझं नाव मला माहीत नाही, म्हणून तुला 'तू' म्हणते. 'तुम्ही' म्हणायला समोर माणूस लागतो. तू सूर्यफुलाच्या फोटोमागे बसला आहेस. तुझं वय, तुझं गाव, तू पुरुष आहेस की बाई, यातलं काहीही मला ठाऊक नाही. बाकी सगळ्यांची आडनावं खणून काढणाऱ्याने स्वतःचं एवढं जपून ठेवलंय, हे मला पहिल्या दिवसापासून खटकतं आहे. तुझ्या यादीत नट होते, लेखिका होती, दिग्दर्शक होता, चॅनलचे अधिकारी होते, वेशभूषा करणारी मुलगीही होती. तुझं तेवढं एक आडनाव तिथे नव्हतं.

गुन्हा काय तो आधी लिहिते. तू रोज इतकं काही पुढे पाठवतोस की तुझ्या लक्षातही नसेल. 'आई कुठे काय करते' संपल्यावर पडद्यावरून जी नावं सरकत जातात, ती तू थांबवून थांबवून उतरवून घेतलीस. त्यांना जातीप्रमाणे रंग दिलेस. वर लिहिलंस की आपल्या घरातल्या बायका बिघडवायला कोण बसलं आहे ते ओळखा. कुठला रंग कोणाला दिला होतास ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुझंच काम पुढे नेल्यासारखं होईल. दोन दिवसांत समोरच्या बाजूच्या कोणीतरी दुसरी यादी काढली, रंगांची अदलाबदल करून. हे पत्र त्यालाही आहे. तुमच्या दोघांचं अक्षर एकच आहे.

ती यादी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर येऊन पडली. तो ग्रुप काय होता ते तुला माहीत असायला हवं, कारण तू मोडलंस ते नेमकं काय, हे तुला कोणी सांगितलेलं नाही.

नाशिकमधली तीन मजल्यांची जुनी सोसायटी. लिफ्ट नाही. माझी आई दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी साडेसातला जिन्यात उभं राहिलं की सगळ्या घरांतून याच मालिकेचं शीर्षकगीत ऐकू यायचं. करोनाच्या दिवसांत एकमेकींकडे जाणं बंद झालं म्हणून या बायकांनी ग्रुप काढला, आणि आठ वाजता एपिसोड संपला की त्यावर बोलणं सुरू व्हायचं. बोलणं म्हणजे व्हॉइस मेसेज. टाइप करायचा त्यांना कंटाळा. पोळ्या लाटताना, कुकरची शिट्टी मागे वाजत असताना केलेले. आईचा फोन मीच साफ करून द्यायचे, त्यामुळे कितीतरी मेसेज मी ऐकले आहेत. मालिकेतल्या नवऱ्याला, अनिरुद्धला शिव्या, त्याच्या आयुष्यात आलेल्या संजनाच्या साड्या, सासूबाईंच्या वागण्यातलं काय पटलं आणि काय नाही. पंचवीस वर्षं घर सांभाळलेली अरुंधती घटस्फोटाच्या कागदावर सही करते, त्या रात्री त्यांच्यातलं कोणी साडेअकरापर्यंत झोपलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या मावशींनी एक मेसेज केला. दोन मिनिटांचा असेल. त्यांची मुलगी लहानग्याला घेऊन चार वर्षांपासून माहेरी राहत होती, आणि मावशी सगळ्यांना सांगायच्या की जावई आखातात नोकरीला आहेत. त्या मेसेजमध्ये त्यांनी सांगितलं की जावई आखातात नाहीत, ते इथेच सातपूरला असतात, आणि मुलगी परत जाणार नाही. शेवटी म्हणाल्या, अरुंधतीला तिच्या आईने आधार दिला, मी माझ्या लेकीला चार वर्षं लपवून ठेवलं. ग्रुपवर त्याला कोणी उत्तर दिलं नाही. पाच-सहा जणी मास्क लावून खाली गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. माझी आई मेथीचे लाडू घेऊन गेली होती.

पुढे मालिकेत अरुंधतीचा मित्र आशुतोष आला. तीन मोठ्या मुलांच्या आईने, घरात सून आलेल्या बाईने दुसरं लग्न करावं का, यावर या बायकांमध्ये जी फूट पडली ती मी कधी विसरणार नाही. आई विरोधात होती. मैत्री ठेवावी, लग्न कशाला, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांनी आयुष्यभर सोवळ्यात स्वयंपाक केला, त्या लग्नाच्या बाजूने. पुरुषाने केलं असतं तर आपण आहेर घेऊन गेलो असतो, असं त्या म्हणाल्या. महिनाभर भांडण चाललं, आणि त्या महिन्यात आईचं मत बदललं. माझ्यासमोर, हळूहळू, एकेका मेसेजने. देशभरातल्या हिंदू बाईला कायद्याने घटस्फोट घेता येऊ लागला 1955 मध्ये. तो हक्क माझ्या आईच्या मनात शिरायला सत्तरेक वर्षं लागली, आणि तो शिरला त्या जिन्यातून. मी घरी कितीतरी वेळा हेच बोलले होते, तेव्हा तिने ऐकलं नव्हतं.

मग तुझी यादी आली. कोणी पाठवली त्या बाईंना दोष देत नाही, त्यांना ती त्यांच्या भाच्याने पाठवली होती. खाली कोणीतरी लिहिलं, "तरीच. त्यांच्यात हे चालतंच." एवढंच. 'त्यांच्यात' म्हणजे कोणाच्यात, ते तुझ्या रंगांनी सांगून ठेवलेलं होतं, आणि मावशींचं आडनाव त्याच रंगातलं होतं. सतरा वर्षं या बायका एकमेकींना मुलांच्या नावाने हाक मारत आल्या, अमक्याची आई, तमकीची आई. दारावरच्या पाट्या रोज दिसत होत्या, पण त्या अशा कधी वाचल्या गेल्या नव्हत्या. मावशी रात्री दहा वाजून चार मिनिटांनी ग्रुपमधून बाहेर पडल्या. आईने ते वाक्य वाचलं आणि त्यावर काही लिहिलं नाही. त्या न लिहिण्याचं तिला अजून वाईट वाटतं.

आता तुझ्या यादीकडे येते, कारण ती खोटी होती. नुसती वाईट नव्हे, खोटी. ज्या कथेत तू महाराष्ट्रातल्या एका जातीचा डाव शोधलास, ती कथा मुळात बंगालची. लीना गंगोपाध्याय यांची 'श्रीमोयी'. ती बंगालीत चालली, मराठीत 2019 च्या डिसेंबरमध्ये आली, मग हिंदीत 'अनुपमा' झाली, आणि तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड अशी फिरली. नवऱ्याने गृहीत धरलेली बाई या सगळ्या भाषांत सापडली. तिला शोधायला कुणालाही आमच्या आडनावांची गरज लागली नाही.

आणि आडनावावरून तुला काय कळणार होतं? सागर देशमुखचं उदाहरण घे. 2019 च्या जानेवारीत तो 'भाई' चित्रपटात पु. ल. देशपांडे होता, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून स्टार प्रवाहवर बाबासाहेब आंबेडकर. एकाच माणसाचे दोन्ही चेहरे लोकांनी मनापासून स्वीकारले. ओंकार गोवर्धनने 'सावित्रीजोती'मध्ये जोतीराव केले, आणि पुढे तोच अरुंधतीचा आशुतोष झाला. विधवांच्या पुनर्विवाहासाठी समाजाशी भांडलेला माणूस ज्याने उभा केला, त्याच नटाने तीन मुलांच्या आईशी लग्न करणारा मित्र उभा केला. माझ्या आईने हे स्वतः जोडलं होतं. "अरे, हा तर आपला जोतिबा," असं ती म्हणाली होती. तुझ्या यादीत त्याच्यापुढे एक रंग होता. आईच्या त्या वाक्यात मालिका बघण्याचं सगळं शहाणपण होतं.

बाबासाहेबांच्या आडनावाचीच गोष्ट तुला माहीत आहे का? कुटुंबाचं मूळ आडनाव सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. शाळेतल्या आंबेडकर नावाच्या ब्राह्मण शिक्षकांनी जीव लावला आणि हजेरीपटावर स्वतःचं आडनाव लावलं, ही आठवण बाबासाहेबांनीच सांगितली आहे. तुझ्या पद्धतीने त्या हजेरीपटाला रंग देऊन बघ. फुल्यांची मुलींची शाळा पुण्यात 1848 मध्ये ज्या वाड्यात भरली, त्या वाड्याच्या मालकाचं आडनावही वाचून बघ.

मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, नाहीतर तू म्हणशील की जातीचा विषयच काढायचा नाही असं माझं म्हणणं आहे. काढायचा. मोठ्याने काढायचा. मराठी मालिकांतली घरं कोणाची असतात? बंगल्याची, वाड्याची. भांडी घासायला येणारी बाई कुठल्या बोलीत बोलते, आणि तिच्या बोलीवर हसायचं असं का ठरलेलं असतं? भटक्यांचं, आदिवासींचं, मुसलमान कुटुंबाचं घर मालिकेच्या मध्यभागी किती वेळा आलं? लेखकांच्या खोलीत कोण बसतं, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर चॅनलवाल्यांनी दिलंच पाहिजे. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गातल्या काही लोकांनी विरोध केला की आमचं कोकण म्हणजे नुसती भुतंखेतं आणि अंधश्रद्धा असं दाखवता. त्याच वेळी मालवणी बोली रात्रीच्या मुख्य वेळेत ऐकू येते म्हणून कितीतरी घरांत आनंद झाला. दोन्ही बाजूंनी ती मालिका बघितली होती. त्या भांडणातून काही हाती लागलं. तू तो रास्त प्रश्न घेतलास आणि त्याची शिवी केलीस. आता खरंच कोणी विचारलं की या मालिकेत आमची माणसं कुठे आहेत, तर लोक त्याला तुझ्यातलाच समजतात. या एका गोष्टीसाठी तुला माफ करणं मला फार अवघड जातं.

आणि तुला खरंच त्या माणसांची चाड होती, तर 2020 मध्ये कुठे होतास? सोनी मराठीवर त्या जानेवारीत 'सावित्रीजोती' सुरू झाली. मेहनतीने, अभ्यासाने केलेली मालिका. मधे टाळेबंदीत चित्रीकरण थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि वर्ष संपता संपता प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून ती बंद करावी लागली. फुल्यांच्या नावाने एकमेकांचे गळे धरणारे तुम्ही दोन्ही बाजूंचे लोक, तुमच्यातल्या कितींच्या घरी ती मालिका लागली? टीआरपीची यंत्रं देशभरात काही हजार घरांतच बसवलेली असतात, आणि दर गुरुवारी त्यांच्या आकड्यांवर मालिकांचं आयुष्य ठरतं. तुझ्या दोनशे ओळींची त्यात काडीची नोंद नसते. नोंद होते ती रिमोट हातात घेऊन बसलेल्या माणसाची. ती मालिका कोणाच्या विरोधाने मेली नाही. तुमच्या न बघण्याने मेली.

त्याच वर्षी शेजारी कर्नाटकात काय घडलं ते सांगते. बाबासाहेबांवरची हिंदी मालिका कन्नडमध्ये 'महानायक' नावाने झी कन्नडवर येऊ लागली. ती बंद करा म्हणून वाहिनीच्या प्रमुखांना, राघवेंद्र हुणसूर यांना, धमक्या आल्या. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं आणि मालिका थांबणार नाही हेही सांगितलं. मग गावोगावच्या लोकांनी मालिकेचे फलक लावले, चौकांत, वस्त्यांच्या तोंडाशी, स्वतःच्या खर्चाने. धमकी देणारा अंधारात होता, फलक लावणारे उजेडात होते. मालिकेवर प्रेम करण्याची ही एक रीत झाली.

विरोध करण्याचीही रीत असते. 1988 च्या जानेवारीत दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' सुरू झाली. भीष्म साहनींची कादंबरी, फाळणीचे दिवस, आणि मशिदीच्या पायरीवर टाकलेलं डुक्कर. यातून दंगे पेटतील असं मुंबईतल्या एका प्रेक्षकाला वाटलं, आणि तो स्वतःच्या नावाने उच्च न्यायालयात गेला. आधी स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी सगळी मालिका बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मालिकेच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात जुन्या नागपूर उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती विवियन बोस यांनी घालून दिलेली कसोटी वापरली आहे: शब्दांचा परिणाम समंजस आणि खंबीर माणसाच्या मनावर काय होईल ते पाहायचं, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने ठरवायचं नाही. त्या याचिकाकर्त्याचं म्हणणं मला पटत नाही. पण त्याने नाव लिहिलं होतं, आणि निकाल देणाऱ्यांनी आधी सगळं बघितलं होतं. तू चाळीस सेकंदांच्या प्रोमोवर निकाल देतोस.

2022 चे पहिले पाच महिने आठव. जानेवारीत किरण माने यांना 'मुलगी झाली हो'मधून काढलं. राजकीय मतं मांडली म्हणून काढलं, असं ते म्हणाले. सेटवर सहकारी स्त्रियांशी असलेल्या वागणुकीच्या तक्रारी होत्या म्हणून काढलं, असं निर्मात्यांचं म्हणणं. कलाकार स्त्रियांपैकी काही त्यांच्या विरोधात बोलल्या, काही बाजूने. दोन मोठे प्रश्न समोर होते. नटाने मत मांडलं तर त्याची रोजीरोटी जावी का, आणि कामाच्या जागी बाईने तक्रार केली तर ती कोणी आणि कशी तपासायची. या राज्यातल्या प्रत्येक नोकरदार घराशी संबंध असलेले प्रश्न. तू एका रात्रीत त्यांचा निकाल लावलास, आडनावांवरून. ज्या बायका बोलल्या त्यांचीही जात काढलीस, आणि त्या काय म्हणत होत्या ते ऐकायचं राहून गेलं.

मे महिन्यात केतकी चितळेला अटक झाली. शरद पवारांविषयीची, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली एक पोस्ट तिने पुढे टाकली होती. तो मजकूर मलाही किळसवाणा वाटला होता. त्यासाठी ती महिन्याहून जास्त काळ कोठडीत होती. जानेवारीत मत मांडण्याच्या हक्कासाठी घसा कोरडा करणारा तू मे महिन्यात टाळ्या वाजवत होतास, आणि जानेवारीत टाळ्या वाजवणारा तुझा तो दुसरा मे महिन्यात हक्काची भाषा बोलत होता. मी दोघांची पानं तेव्हा रोज वाचत होते. एकानेही चार महिन्यांपूर्वीचं स्वतःचं वाक्य आठवलं नाही.

तुला यातून काय मिळतं हे मला आता कळलं आहे. तुझ्या यादीखाली ज्यांनी तुला फटकारलं, त्यांचे शब्दही तुझ्याच पारड्यात पडले. रागाने लिहिलेली ओळ आणि कौतुकाने लिहिलेली ओळ, दोन्हींनी तुझं पान आणखी लोकांपर्यंत जातं. मीही पहिल्या दिवशी तुला तिथेच उत्तर लिहिलं होतं, पाच परिच्छेदांचं. संध्याकाळपर्यंत तुझे वाचक वाढले. म्हणून हे पत्र कागदावर लिहिते आहे आणि छापायला देते आहे, माझ्या नावानिशी.

'आई कुठे काय करते' 2024 च्या नोव्हेंबरमध्ये संपली. शेवटचा भाग आईने एकटीने बघितला. ग्रुप अजून आहे. त्यात सकाळी फुलांची चित्रं येतात, पाण्याचा टँकर कधी येणार ते येतं. व्हॉइस मेसेज येत नाहीत.

यादी येण्याच्या महिनाभर आधी मावशी जिन्यात आईला थांबवून म्हणाल्या होत्या की मुलीसाठी एक स्थळ बघतो आहोत, चांगला माणूस वाटतो, अजून कोणाला सांगू नका. आईने त्याच आठवड्यात मेन रोडवर जाऊन हिरवी इरकल घेतली, काठाला शोभेलसा खणही घेतला. घरात त्या लग्नाचा मुहूर्त निघायची ती वाट बघत होती. लग्न झालं, नोंदणी पद्धतीने, घरातल्या घरात. आईला ते नऊ दिवसांनी वॉचमनकडून कळलं. ती साडी घेऊन खाली जायला निघाली, पहिल्या मजल्यापर्यंत गेली आणि परत आली. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना तिने ती बाहेर काढली, गॅलरीत ऊन दाखवलं, पुन्हा घडी घातली आणि खणासकट आत ठेवली.